एका तालात नाचल्यानंतर

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिला आणि शेवटचा अध्याय एकमेकांना छेद देतात. पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि सगळ्यांना पाहता-ऐकता येईल अशी करमणूक मागतात. वेद शूद्रांच्या कानावर पडू द्यायचे नाहीत असा दंडक असल्यामुळे ब्रह्मदेव सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण करतो, तो नाट्याचा. शेवटच्या अध्यायात मात्र भरताचे पुत्र ऋषींची नक्कल करतात, ऋषी संतापतात आणि त्यांना शूद्रत्वाचा शाप देतात. म्हणजे जी कला सगळ्यांना सामावून घेण्यासाठी जन्माला आली, तिचे कलावंतच ग्रंथ संपेपर्यंत खालच्या पायरीवर जाऊन बसतात. पुढे स्मृतिग्रंथांनी नटाचं अन्नही वर्ज्य ठरवलं. ही विसंगती ग्रंथातच राहिली असती तर ती पंडितांच्या वादाला पुरली असती. पण आपल्या देवळांत, जत्रांत आणि नाट्यगृहांत ती अजून जिवंत आहे. नाच सगळ्यांचा, नाचणारा मात्र बाहेरचा. एकत्र नाचणं, एकत्र गाणं, एकाच तालावर पाय टाकणं यानं माणसं खरोखर समान होतात का, की तेवढ्या वेळापुरती समान झाल्यासारखी वाटतात, हा मला धर्मविचारातला अत्यंत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

कोल्हापुरात हा प्रश्न आज विचारण्याला एक कारण आहे. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर १४ ऑक्टोबर १९१५ रोजी सुरू झालं. शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान, त्याला लागून हे नाटकाचं घर. पुढे त्याला कोल्हापूरच्याच मातीतल्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं आणि ते महापालिकेचं, म्हणजे सगळ्या गावाचं नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. रंगमंच, छत, खुर्च्या गेल्या आणि दुसरा दिवस नेमका केशवरावांच्या जयंतीचा होता. गावातल्या रंगकर्मींनी उघड्या रस्त्यावर डोळे पुसले. मग जसं होतं तसंच पुन्हा उभं करा, अशी मागणी सगळीकडून झाली. वास्तूच्या बाबतीत ती रास्तच आहे. पण ज्या घराची पुन्हा उभारणी होते, त्या घरात कुणाला कुठल्या दारानं यायचं हेही त्याच वेळी ठरत असतं. उद्या या रंगमंचावर नाचाचं, आनंदाचं, सगळ्यांना कवेत घेणारं एखादं झोकदार संगीत नाटक झालं, तर त्याचा अर्थ काय लावायचा? ती नुसती करमणूक की काही धर्मकृत्य? मी ते धर्मकृत्य मानतो, पण काही अटींवर. त्या अटी कुठून येतात ते सांगायला हवं.

सुरुवात चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या डोंगरावरून करू. सासनकाठी म्हणजे उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड आणि वरून चारी बाजूंना ताणून धरलेल्या दोऱ्या, ज्यांना तोरण्या म्हणतात. मधला गडी काठीचा सगळा भार अंगावर पेलत नाचतो, तोरण्या धरलेले लोक त्याच्या पावलागणिक ढील देतात किंवा ओढ घेतात. एकाचाही अंदाज चुकला तर काठी कलते. हलगी घुमते, पिपाणी वाजते, गुलालानं सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे होतात आणि ‘चांगभलं’च्या गजरात कोण कुठल्या आळीचा हे ओळखू येत नाही. या सगळ्याला चाल देते ती हलगी. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं. हवेत ओल आली की वाजवणारा ती पेटवलेल्या पाचोळ्यावर शेकतो, बोटानं टिचकी मारून आवाज बघतो आणि कातडं खणखणलं की पुन्हा गळ्यात अडकवतो. कातडं कमावणारे हात आणि ते वाजवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांचे होते. ज्या कातड्याला विटाळ मानलं, त्याच कातड्याच्या आवाजावाचून देवाची काठी जागची हलत नव्हती. शिवाशिवीच्या कल्पनेविरुद्ध याहून मोठा पुरावा उभा करता येणार नाही आणि तो कुठल्या सुधारकानं रचलेला नाही. श्रद्धेनंच तो दरवर्षी पुन्हा पुन्हा मांडला आहे.

पंढरीच्या वाटेवरही हेच दिसतं. कीर्तनात नाचणं आणि जगात ज्ञानाचा दिवा लावणं ही दोन कामं नामदेवांनी एका दमात सांगितली. नाच हा त्यांच्या लेखी विचाराच्या आड येणारा उन्माद नव्हता, विचाराचं ते शरीर होतं. वारीत पावली खेळताना, फुगडी घालताना, भेटेल त्याच्या पायावर डोकं ठेवताना माणसं जे करतात, ते घरच्या उंबऱ्यावर करायला धजत नाहीत. तरीही वस्तुस्थिती अशी की चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, पायरीपाशी आहे आणि त्यांच्या वारसांना विठ्ठलाच्या गाभाऱ्याजवळ जाण्यासाठी १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. सहा शतकं वाळवंटात सगळे एकत्र नाचले आणि तेवढाच काळ दार बंद राहिलं. एकत्र नाचल्यानं समता येते असं म्हणणाऱ्याला या सहा शतकांचा हिशेब द्यावा लागतो. तो टाळून कुणी वारीचं गुणगान करत असेल तर ते मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप धर्माच्या अंगानं येतो आणि तो वजनदार आहे. भक्तीतली समता ही आत्म्याची समता आहे, तिला सामाजिक हक्कांच्या फूटपट्टीनं मोजू नका, असं सांगणारे बरेच आहेत. संतांनी देवापुढे सगळे सारखे म्हटलं, ग्रामपंचायतीपुढे किंवा विहिरीवर सारखे म्हटलं नाही, हा त्यांचा युक्तिवाद. पण नाचाच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण आत्मा नाचत नाही. नाचतो तो देह, आणि अस्पृश्यता तर देहालाच चिकटवलेली होती. स्पर्श, घाम, श्वास, पायाखालची एकच धूळ, यांच्यावाचून रिंगणही होत नाही आणि काठीही नाचत नाही. जिथे देहांनी एकमेकांना धरलं, तिथे समता फक्त आत्म्याची होती असं मागाहून म्हणणं म्हणजे घडलेलं नाकारणं आहे. अभिनवगुप्तानं रसाचा विचार करताना साधारणीकरणाची कल्पना उलगडून दाखवली. रसिक नाटकात रमतो तेव्हा ‘मी अमुक, माझं तमुक’ ही कुंपणं तेवढ्यापुरती गळून पडतात, म्हणूनच दुसऱ्याचं दुःख त्याला आपलं न होताही भिडतं. दिवे लागले की कुंपणं परत उभी राहतात हे खरं. पण ती गळून पडू शकतात हे आता त्या माणसाला ठाऊक झालेलं असतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. एकत्र नाचण्यानं समता प्रस्थापित होत नाही, पण विषमतेचा एक बहाणा कायमचा संपतो. ‘आम्हांला ठाऊकच नव्हतं’, ‘असं होऊच शकत नाही’, ही वाक्यं नाचून आलेल्या माणसाला उच्चारता येत नाहीत. त्यानंतर त्यानं दार बंद ठेवलं तर ते अज्ञानानं नसतं, जाणूनबुजून असतं. आनंद माणसाला अशा रीतीनं जबाबदार करतो.

मात्र नाचायला बोलावणं हेच कधीकधी बाहेर ठेवण्याचं साधन होतं, आणि कोल्हापूरच्या टापूइतकं हे कुणाला माहीत असणार? सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं ‘दर्शन’ बांधलं जाई. चौंडकं तुणतुणत असे, डोक्यावर देवीचा जग घेऊन हात न लावता त्या नाचत, आणि गावातल्या बायका वाकून त्यांच्या पाया पडत. देवीचं वारं जिच्या अंगात येतं, तिचा आशीर्वाद मोठा. त्याच बाईला लग्न करता येत नसे, तिच्या लेकराला बापाचं नाव मिळत नसे आणि पोटासाठी तिला काय करावं लागे हे सगळ्यांना माहीत असे. बहुतेक मुली दलित घरांतल्या. साडी नेसून नाचणाऱ्या जोगत्यांनाही देवीच्या अंगणात मान आणि वेशीत टवाळी मिळाली. इथे समावेश होता, तोही पवित्र ठरवलेला, पण तो समावेश म्हणजे बेडी होती. शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेला कायद्यानं बंदी केली ती यासाठी. त्यानंतर मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदे झाले. मधल्या काळात, १९७५ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली आणि ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं इतरच बोलत होते त्या बायका स्वतः बोलू लागल्या. एकाच कामासाठी पंच्याऐंशी वर्षांत पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले, यावरूनच प्रथेची मुळं किती खोल होती ते कळतं.

म्हणून कुणी विचारेल की जोगत्यांचा नाच नाट्यगृहात आणणं म्हणजे त्या प्रथेलाच झगमगाट देणं नाही का? ही भीती खोटी नाही. मुलीला वाहण्याचा विधी रंगमंचावर देखणा करून दाखवला, तर तो गुन्ह्याला शृंगार चढवल्यासारखं होईल. पण शाहूंचा कायदा वाहण्याविरुद्ध होता, नाचणाऱ्याविरुद्ध नव्हता. बंदी आली ती मुलीचं आयुष्य परस्पर ठरवून टाकण्याच्या व्यवहारावर. चौंडक्याची लय, जग पेलण्याचं कसब, यल्लम्माच्या कथागीतांचा साठा हे त्या लोकांनी कमावलेलं धन आहे, आणि ते कसं वापरायचं हे त्यांनीच ठरवायचं. सीमेपलीकडचं उदाहरण बघा. मंजम्मा जोगती या तृतीयपंथी जोगती कलावंत २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं नृत्य वर्षानुवर्षं लोक पाहतच होते, त्यात नवं काही नव्हतं. बदल झाला तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसल्यावर. कुठल्या लोककलावंताला अनुदान मिळावं, कुठल्या कलेची नोंद व्हावी, हे ठरवणाऱ्या टेबलापाशी त्या आल्या. नाचात सामील करून घेणं आणि निर्णयात सामील करून घेणं यांतलं अंतर एका माणसाच्या आयुष्यात मोजायचं असेल तर ते इथे मोजता येतं.

बाहेरच्या जगातही हे अंतर असंच दिसतं. ‘हेअरस्प्रे’ हे अमेरिकन संगीत नाटक २००२ मध्ये ब्रॉडवेवर आलं. त्याआधी १९८८ मध्ये जॉन वॉटर्स यांनी त्याच नावाचा चित्रपट केला होता. गोष्ट १९६२ च्या बाल्टिमोर शहरातली. एक लठ्ठ, हसरी मुलगी टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात शिरते आणि गोऱ्या-काळ्या मुलांना एकाच फरशीवर नाचता यावं म्हणून झगडते. शेवटी सगळे एकत्र नाचतात, प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करत घरी जातात. गोष्ट ज्या खऱ्या कार्यक्रमावर बेतली आहे त्याचा शेवट असा झाला नाही. बाल्टिमोरच्या ‘बडी डीन शो’मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळा ठरावीक दिवस होता. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र नाचू द्या अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा १९६४ च्या जानेवारीत कार्यक्रमच बंद झाला. एकत्र नाचण्यापेक्षा कुणीच न नाचलेलं बरं, असा तो निकाल होता. मग नाटकातला आनंदी शेवट खोटा म्हणायचा का? मला तो खोटा वाटत नाही. इतिहासानं जे नाकारलं ते रंगमंचावर घडवून दाखवणं हा इतिहासावरचा आरोप आहे. पण प्रेक्षकानं तो शेवट पाहून ‘झालं ते झालं, आता सगळं छान आहे’ असा समज करून घेतला, तर नाटकानं आरोपीलाच पावती देऊन सोडलं असं होईल. कुठल्याही आनंदी संगीत नाटकाला हा धोका पोटात घेऊनच उभं राहावं लागतं.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. अन्यायाचा विषय आणि ठेका धरायला लावणारी गाणी यांचा मेळ बसत नाही, दुःखाला गांभीर्यच शोभतं, असं पुष्कळ जाणत्यांना वाटतं. महाराष्ट्राचा अनुभव याच्या उलट आहे. कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ मध्ये निघाली आणि सत्यशोधकांनी गावोगाव विचार नेला तो जलशांतून. त्यांनी साचा घेतला तमाशाचा. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सवाल-जवाबही तेच. आशय मात्र बदलला. भटशाहीची, सावकारीची, अंधश्रद्धेची खिल्ली उडवत, हसवत, माना डोलायला लावत त्यांनी शेतकऱ्याला शहाणं केलं. पुढे आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, तेच हत्यार अधिक धारदार केलं. ज्यांच्या पूर्वजांना इतरांच्या करमणुकीसाठी नाचावं लागलं होतं, त्यांनी त्याच कलेतून स्वतःचा माणूसपणा मांडला. रडगाणं गायलं असतं तर दया मिळाली असती. हसत-गात उभं राहिल्यामुळे ऐकणाऱ्याला बरोबरीनं बघावं लागलं. पीडितानं कायम केविलवाणं दिसलं पाहिजे ही अपेक्षाच मुळात वरून खाली बघणाऱ्याची आहे. शाहूंच्या कोल्हापूर संस्थानातच १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषद झाली आणि तरुण आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. विचाराची परिषद आणि ढोलकीचा फड हे त्या काळी एकाच चळवळीचे दोन हात होते.

संगीत रंगभूमीचा स्वतःचा हिशेबही स्वच्छ नाही, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यानं तर तो आधी मांडावा. केशवराव भोसले लहानपणी ‘शारदा’तली शारदा झाले. जरठ-कुमारी विवाहाविरुद्धचं ते नाटक, आणि त्यातली मुलगी मुलगाच करत होता, कारण घरंदाज बाईनं रंगमंचावर पाऊल टाकणं अशक्य होतं. स्त्रीच्या दुःखावर सभागृह हेलावून जात होतं आणि स्त्री रंगपटाबाहेरच होती. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या ही गोष्ट तेव्हा क्रांतीसारखी वाटली. इतका वेळ का लागला? रंगभूमीला स्त्रीबद्दल कळवळा नव्हता म्हणून निश्चितच नव्हे. कळवळा भरपूर होता, जागा दिलेली नव्हती. कळवळ्यानं जागा भरून निघते असा समज फार खोलवर बसलेला आहे आणि प्रत्येक पिढीला तो नव्यानं खणून काढावा लागतो.

म्हणून केशवराव भोसले नाट्यगृहाच्या नव्या इमारतीबद्दल मला विटांच्या आणि दगडांच्या भाषेत बोलावंसं वाटतं. आपल्याकडे अपंगांसाठी सोय म्हणजे प्रेक्षागृहात शिरण्यापुरता उतार, असा रिवाज आहे. चाकाच्या खुर्चीतला माणूस बघायला येईल एवढीच कल्पना त्यामागे असते. तो नाचायला, गायला, नाटक बसवायला येईल हे गृहीतच धरलेलं नसतं. उतार रंगमंचापर्यंत गेला पाहिजे, रंगपटापर्यंत गेला पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनात बरोबरीनं सहभागी होण्याचा हक्क मान्य आहे, तेव्हा ही मेहरबानी मागणं होत नाही. जोगत्या कलावंताला कुठल्या खोलीत कपडे बदलायचे हा प्रश्न पहिल्या दिवशी पडू नये, त्याची सोय आराखड्यातच असावी. हलगीवाल्याचं नाव जाहिरातीत गायकाच्या नावाबरोबर छापावं आणि त्याचं मानधन वरकड खर्चात न टाकता कलावंताच्या खात्यात धरावं. हौशी संस्थेला, वस्तीतल्या मंडळाला परवडेल असं भाडं निदान काही तारखांना असावं, आणि तारखा ठरवणाऱ्या समितीवर त्या वस्तीतला माणूस असावा.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप येईल की पैसा आणायचा कुठून, आणि नाट्यगृह चालवायचं की समाजसुधारणा करायची? पैशाचा प्रश्न खरा आहे, पण भिंती पुन्हा उभ्या राहत असताना एक उतार जास्तीचा घालायला जो खर्च येतो, तो बांधून झाल्यावर फोडून घालण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. आणि समाजसुधारणेचं म्हणाल, तर हे थिएटर बांधणारा राजा ती दोन कामं वेगळी मानत नव्हता. २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारा आणि अल्लादियाखाँसारख्या गवयाला दरबारी ठेवणारा माणूस एकच होता. कलेवर प्रेम आणि माणसांना जागा करून देणं या त्याच्या लेखी दोन वेगळ्या फायली नव्हत्या. कोल्हापूरच्या रंगकर्मींनी, महापालिकेच्या अभियंत्यांनी आणि आराखड्यावर सह्या करणाऱ्यांनी पडदा पुन्हा वर जाण्याआधी एवढं करावं: जोगत्यांना, हलगीवाल्यांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या नर्तकांना बोलावून घ्यावं, त्या आराखड्यासमोर बसवावं आणि दारं कुठे हवीत ते त्यांना विचारावं.